नकाशावरची जास्तीची रेघ

हेवा म्हणजे काय चीज असते, हे रोलकाकांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही पंचविशीतल्या एका मुलीमुळे. पाणीपुरवठा कचेरीत नकाशांच्या खोलीतला मोठा स्कॅनर बावीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होता. काखेत कायम नकाशाची गुंडाळी, म्हणून ते रोलकाका.

आता ही आली. आल्याआल्या तिने संगणकात काय बोटं घातली कोण जाणे, पण फिकट निळे नकाशे काळेभोर उमटायला लागले! साहेब खूश. "काका, हे तुम्हाला इतकी वर्षं कसं सुचलं नाही हो?" साहेब हसत म्हणाले खरं, पण काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोजवळ कुरकुरताना त्यांनी तिचं नाव 'हुशारी' ठेवलं. घरी बायकोने सहज विचारलं, "आज काय म्हणाली तुमची हुशारी?" तर हे भरल्या ताटावरून उठले. "माझी कसली!"

त्यात दुप्पट रुंदीचं नवं मशीन यायचं होतं. ते कोणाच्या ताब्यात द्यायचं, हे साहेब शनिवारी सांगणार होते. काकांची झोप उडाली.

सोमवारी हुशारी जुने नकाशे स्कॅन करायला बसली आणि प्रत्येकावर एक बारीक काळी रेघ उमटू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी नाकासमोर. तिने मशीन बंद करून चालू केलं, रूळ पुसले, काच पुसली, रंगांची जुळवणी नव्याने केली. रेघ हलेना.

काकांनी लांबूनच ओळखलं. कागद सरकतो, काच जागेवरच असते. काचेवर खसखशीच्या दाण्याहूनही बारीक काही चिकटलं, की ते कागदभर रेघ ओढतं. असली घाण डोळ्यांना दिसत नाही, फडक्याने निघत नाही. म्हणून काका मशीनवर बसायचे तेव्हा रोज सकाळी डोळे मिटून काचेवरून बोट फिरवायचे. हे त्यांनी तिला शिकवलं नव्हतं. कशाला शिकवतात! होऊ दे फजिती. काम थांबवता येत नव्हतं; शुक्रवारपर्यंत चाळीस नकाशे झाले, चाळिसांवर रेघ, आणि काका निवांत चहा पीत होते.

शनिवारी साहेब एक प्रिंट नाचवत आले. "ही पाइपलाइन कुठून उगवली? लोक खणायला निघाले होते तिथे!" हुशारीचा चेहरा पांढराफटक पडला. काका ऐटीत उठले, झाकण उघडलं, डोळे मिटून बोट फिरवलं आणि एका जागी थांबून नखाने खरवडलं. "हे बघा साहेब. आधी काच नको का बघायला?"

"वा काका! नवं मशीन तुमच्याकडेच," साहेब पाठ थोपटून गेले.

नखात पिवळट, चिकट कण होता. काकांनी तो बघितला आणि त्यांचे कानच तापले. फाटक्या नकाशांना मागून चिकटपट्टी लावायचा उद्योग त्या खोलीत फक्त तेच करायचे. पट्टीचा डिंक त्यांचाच होता. त्यांनी घाईघाईने बोट पँटला पुसलं.

चाळीस नकाशे पुन्हा करायला काका मशीनवर बसले. पुरुषभर उंचीचा कागद एकट्याने सरकवणं जड जातं. हुशारी न बोलावता आली, दुसरं टोक धरून उभी राहिली.

"बरं झालं काका," ती म्हणाली. "मी कालच साहेबांना सांगितलं होतं, मशीन काकांनाच द्या. पाच दिवस रेघ जाईना, मला वाटलं मलाच जमत नाही. तुम्हालाच विचारायला हवं होतं. पण तुम्ही कामात दिसलात."

काकांनी कागदाची कड मशीनच्या तोंडाशी लावली. डिंक माझा होता, रेघ सोमवारीच ओळखली होती, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण खरं सांगायचं, तर आता त्यांना तिच्या मोठ्या मनाचाही हेवा वाटत होता.

"सरळ धर," ते खेकसले.

ती सरळच धरून उभी होती.