मूठभर मीठ

कारंज्यात कोणी मेलं की यमदूत गावाबाहेर पडायच्या आत पिठलंमामा दारात हजर असत. यम त्यांनाच रस्ता विचारून येतो, अशी आमची पक्की समजूत होती. खांद्यावर पंचा, हातात पितळी डबा आणि डब्यात पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं, ही रीतच. पण मामांच्या पिठल्याइतका खारट पदार्थ पृथ्वीवर दुसरा नव्हता. तो डबा विसळलेलं पाणी एकदा आमची बकरी प्याली, आणि नंतर तिनं अर्धी विहीर संपवली.

खरी गोष्ट शेजारीण म्हणून माझ्या आईलाच तेवढी ठाऊक होती. पिठलं मामी करायच्या, आणि ते फक्कड असायचं. मामा वाटेत थांबून खिशातलं मूठभर खडेमीठ त्यात ढवळायचे. मामी करवादायच्या, "माह्या हाताचं नाव काऊन खराब करून राह्यले?" मामा हसायचे. लग्नकार्यात मात्र मामींना कोणी मिठाच्या बरणीजवळ फिरकू देत नसे.

आमच्या आळीतला टेलर अचानक गेला. त्याची बायको भिंतीला टेकून दगड झाली होती. रडेना, बोलेना. मामांनी बळंच एक घास भरवला. तिनं तो थुंकला आणि कडाडली, "पिठलं हाय का विष? मढ्याच्या घरी तरी नीट रांधा!" मग हंबरडा फोडला. मामा वरात निघाल्यासारखे बाहेर आले. आईला म्हणाले, "शिव्या देल्ल्या ना, वहिनी? मंग जगली. दुःख म्हंजे रडणं नाई. दुःख म्हंजे जिभेले चव नसणं."

पुढे मामीच गेल्या.

आता डबा न्यायची पाळी आईची. तिनं पिठल्यात मूठभर मीठ घातलं. मामांनी ताट पुसून खाल्लं. "मस्त झालं, वहिनी." दुसऱ्या दिवशी दोन मुठी. "मस्त झालं." तिसऱ्या दिवशी तर तिनं मिठातच चिमूटभर बेसन घातलं असावं. मामा शांतपणे बोटं चाटत राहिले. आई घरी येऊन मटकन बसली. म्हणाली, "भाऊजी आपल्या हातचे गेले रे."

मग आईबरोबर आळीतल्या बाया मामांकडे दुखवट्याला बसायला आल्या. किराणावाल्या सेठाणीनं उसासा टाकला, "मामी देवमाणूस होती. मिठाचा हात तेवढा भारी होता."

मामा ताडकन उठले. "कोनाचा हात भारी? तिच्यासारखं पिठलं तुमच्या सात पिढ्यात कोनी केलं नाई! मीठ मी टाकत होतो, मी!" त्यांनी सदऱ्याचा खिसाच उलटा केला. खडे टपटप जमिनीवर पडले. त्याकडे पाहत ते खाली बसले आणि पोरासारखे रडले. बऱ्याच वेळानं नाक पुसून आईकडे वळले, "अन् तुम्ही हे काय खाऊ घालून राह्यल्या मले? बैलही तोंड लावणार नाई याले." आईनं तिथल्या तिथे देवाला हात जोडले.

त्यानंतर मामा स्वतः पिठलं करायला शिकले, थेट मामींच्या चवीचं. मयताच्या घरी डबा ठेवताना सांगायचे, "हे तिच्या हातचं हाय." लोक बोटं चाटून खायचे. नाव ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे शिव्या कोणाला देणार? आमच्या आळीत तेव्हापासून दुःखं जरा जास्तच दिवस मुक्कामाला राहू लागली. पण मामींच्या मिठाबद्दल पुन्हा कोणी ब्र काढला नाही.