बोटांचा वास

"हात आना जी इकडे," म्हणत दवाखान्यातला तो मदतनीस रुग्णाचा उजवा हात ओढायचा, बोटं नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटून हुंगायचा. मला तेव्हाही किळस यायची, आज लिहितानाही येते आहे.

शुगर तपासायच्या दिवशी आसपासच्या गावांतून आमच्या दवाखान्यात गर्दी व्हायची. पथ्य कोण पाळतं, फिरायला कोण जातं, हे विचारून कार्डावर लिहायचं त्याचं काम. शेजारच्या खिडकीत मी गोळ्या द्यायचे. पण विचारणं त्याला मान्यच नव्हतं. "तोंड लबाड बोलते, बोटं नाई बोलत." भाताचा, गुळाचा, तेलाचा वास आला की शेरा ठरलेला: पथ्य नाही. फिरण्याची परीक्षा चपलेवर. "टाच तं कोरी हाये. फिरता कुठी, खाटेवर?"

लोकही काही कमी नव्हते. आसगावचे एक आजोबा चमच्याने जेवू लागले. एकाने हाताला कडुनिंबाचा पाला चोळला. यानं हुंगून "एवढा कायले घासला?" म्हणत शेरा मारलाच. बाकावरची माणसं खो खो हसली.

आणि ऐका, हाच माणूस सडलेली पावलं मांडीवर घ्यायचा. जखम धुवायचा, म्हाताऱ्यांची नखं स्वतःच्या नेलकटरने कापायचा, तेही नाक न मुरडता. त्या वेळी त्याच्याबद्दल माया वाटायची. म्हणूनच पुढचं आठवलं की जास्त चीड येते.

शाळेत पोरांचा भात रांधणाऱ्या एक मावशी यायच्या. त्यांच्या हाताला वास येणारच.

"मी रांधतो जी, खात नाई. अर्धी भाकर खातो."

"बोटं तं दुसरंच सांगून राहिले, मावशी."

"अहो, त्यांचं कामच रांधायचं आहे!" मी खिडकीतून ओरडले. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

दर खेपेला तोच शेरा. सगळ्यांदेखत खोटं ठरल्यावर मावशी हट्टाला पेटल्या. ती अर्धी भाकरही त्यांनी सोडली. गोळ्या मात्र चालूच होत्या. एका दुपारी शाळेच्या चुलीपाशी साखर एकदम उतरून त्यांना घेरी आली आणि उजवा हात उकळत्या भातात गेला.

त्यानंतर त्या आल्या त्या हाताला पट्टी बांधून. यानं सवयीनं तोच हात ओढला, नाकाशी नेला.

"मलमाचा वास येते," म्हणाला.

मग त्याला कळलं असावं. तो हात त्यानं मावशींच्या मांडीवर परत ठेवला, अगदी हळू. कार्डावर काही लिहिलं नाही. माफीही मागितली नाही.

तो निवृत्त झाला. आता त्याच्या खुर्चीत एक मुलगी बसते, नीट विचारते, ऐकून घेते. परवा मावशी आल्या.

"मावशी, काल काय काय खाल्लं?" तिनं विचारलं.

मावशींनी आखडलेली बोटं पदराला पुसली आणि हात तिच्या नाकासमोर धरला.