रुमालाखालचे तीन आवाज

माझ्या साडूने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल चुकून चार शब्द बरे बोललो तर कोणी गैरसमज करून घेणार नाही. धुळ्याच्या त्याच्या घरात, कूलरसमोर बसवून, वर आमरसाची तिसरी वाटी पुढे करत त्याने मला फसवलं. मी जळगावचा साउंडवाला. दुसऱ्याच्या मंडपात स्पीकरची खोकी उचलण्यापासून सुरुवात केली आणि आज माझ्या गाड्या जामनेरपासून मुक्ताईनगरपर्यंत लग्नं वाजवतात. मला जुना ॲम्प्लिफायर नवा म्हणून विकणारा व्यापारी अजून जन्माला यायचाय. आणि हा बँकेतून रिटायर झालेला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला माणूस मला गुंडाळून गेला. तो अक्काचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून तोंडावर त्याला ‘तुम्ही’ म्हणावं लागतं. इथे मी त्याला ‘तो’ म्हणणार. एवढी भरपाई माझी मी करून घेतो.

भांडण एका सिंथेसायझरचं आहे. जवानीत साडू बँकेची नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्या दिवसांत मुंबईच्या कुठल्याशा वादकाकडून त्याने हे परदेशी धूड आणलं. लाकडी कडा, पुढे खुंट्याच खुंट्या, वजन भरल्या गोणीएवढं. आम्ही सगळे त्याला पेटीच म्हणायचो. आजच्या कीबोर्डसारखे त्यात शेकडो आवाज नव्हते. एकाच जातीचा आवाज, पण काय आवाज! वंगण नसलेल्या बैलगाडीच्या चाकाने मोराशी लग्न केलं, तर होणारं पोर असं रडेल. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की साडू त्या आवाजात वरातीची सुरुवात करायचा आणि गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठायच्या. त्यात एक खोड होती. पेटी तापली की सूर खाली उतरायचा. खान्देशातला मे महिना, वरून ऊन, खालून डांबर. वरात मारुतीपर्यंत पोचेस्तोवर गाणं अर्धा सूर खाली आलेलं असायचं, गाणारा त्याच्यामागे घसरत जायचा आणि लोकांना वाटायचं, गाणं असंच असतं. आमच्याकडची एक अख्खी पिढी त्या उतरत्या सुरावर नाचायला शिकली. मी तेव्हा स्पीकरच्या खोक्याला पाठ लावून बसायचो. तो आवाज पाठीतून आत शिरायचा. त्या दिवसांतच ठरवलं होतं, पैसा आला की पहिली ही पेटी घ्यायची.

पैसा आला, पेटी काही मिळेना. लग्नाचा मुहूर्त नसेल त्या प्रत्येक रविवारी मी धुळ्याची एसटी धरायचो. स्वतःच्या गाड्या असताना एसटी का, असं विचारू नका. डिझेल फुकट मिळत नाही. गेल्या गेल्या मी भाव काढायचा आणि साडूने चष्मा पुसत म्हणायचं, “भाऊ, हाई पेटी शे, बकरी नही.” एकदा मी बैलबाजारातली रीत काढली. हातावर रुमाल टाकला, म्हटलं, तोंडाने बोलायला लाजत असाल तर बोटं दाबून सांगा. त्याने रुमालाखाली हात घातला. मी आकडा समजून घ्यायला कान, डोळे, सगळं एकवटून बसलो, तर हा माझ्या बोटांवर वरातीची धून वाजवायला लागला. दलाली करणाऱ्यांनी असा अपमान कधी सोसला नसेल.

त्या घरात पेटीचा मान जावयापेक्षा मोठा. थंडीत तिच्यावर अक्काच्या हातची गोधडी, आणि उन्हाळ्यात कूलरचं तोंड पेटीकडे. पाहुण्यांनी वर्तमानपत्राने वारा घ्यायचा. मी एकदा शर्टाची बटणं सोडत म्हटलं, “साडूभाऊ, थोडं इकडे फिरवा की. माणूस आहे मी.” तर म्हणाला, “तुले घाम फुटना तं तू पुशी लेशी. तिले फुटना तं सूर उतरस.” अक्का आतून ओरडल्या, “माझ्या बाळंतपणात पंखासुद्धा नव्हता लावला या माणसाने!” साडूने ते ऐकलंच नाही. नको ते न ऐकण्यात त्याचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

मग त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. पेटी म्हातारी होतेय, तिचा आवाज जपून ठेवला पाहिजे, असं त्याने मनावर घेतलं. आवाज जपायचे दोन रस्ते असतात, आणि ते दोन रस्ते त्याने धुळ्यातल्या झाडून सगळ्या माणसांना समजावून सांगितले. मला सांगितलं ते भरताच्या भाषेत. “सॅम्पल म्हणजे भरीत करून डब्यात भरून ठेवलं. एकेक पट्टी दाबायची, तिचा आवाज भरून घ्यायचा. चव अगदी खरी, पण त्या दिवसाची. आज तिखट जास्त पाहिजे म्हटलं तर डबा ऐकत नाही. मॉडेल म्हणजे भरताची रीत शिकवलेला आचारी. त्याच्याकडे भरीत नसतंच. आत वीज कशी फिरते, गरम झाल्यावर काय होतं, हे सगळं गणिताने शिकवलेलं. मागशील तसं ताजं करून देतो. पण वांगं आपल्याकडचं लागेलच, असं नाही.” मी म्हटलं, मला भरीतही नको आणि आचारीही नको, मला चूल विका. त्याने चष्मा पुसला.

हे वेड कुठे दाखवायचं याचं त्याला भान नव्हतं. नात्यातल्या एका मुलासाठी स्थळं बघत होतो. बैठकीत पत्रिका आली, फोटो आला, सगळे गंभीर. हा मध्येच म्हणाला, “फोटो म्हणजे सॅम्पल, पत्रिका म्हणजे मॉडेल. मुलगी दोन्हीत नाही.” मुलीच्या वडिलांनी पत्रिका घडी करून परत खिशात घातली. ते लग्न जमलं नाही हे सांगायला नको.

सॅम्पल भरायचं काम एका हिवाळ्यात चाललं. तेवढे दिवस घरात पंखा बंद, टीव्ही बंद, अक्कांना कुकर लावायची बंदी. त्या डाळ पातेल्यात शिजवायच्या आणि साडूच्या नावाने हळू आवाजात जे बोलायचं ते बोलायच्या. मी नेहमीप्रमाणे रविवारी गेलो. माइक चालू होता, त्याने तोंडावर बोट ठेवलं. मी किती वेळ गप्प बसणार? भाव वाढवून सांगितला, त्याने मान हलवली. आणखी वाढवला, तरी मान हलवली. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो, “येडा समजता का मला?” साडू खुदकन हसला. तोवर त्या वेळची पट्टी आमच्या आवाजासकट भरून झाली होती. ती त्याने पुन्हा भरली असेल, असं मी आपलं समजून चाललो.

पुढे रावेरच्या एका बड्या केळीवाल्याकडचं लग्न होतं. पेटी उन्हात न्यायला साडू तयार नव्हता, म्हणून लॅपटॉपवरचे सॅम्पल आणि एक साधा कीबोर्ड घेऊन आला. सुरुवात झकास झाली. मग त्याने एक काळी पट्टी लांबवली आणि माझ्याच मोठ्या स्पीकरमधून, भर वरातीत, माझाच आवाज निघाला, “येडा समजता का मला?” नवरदेवाच्या बापाने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी ॲम्प्लिफायरच्या मागे वाकलो आणि जे काही सापडेल ते दुरुस्त करायला लागलो. पण खरा घोटाळा पुढेच होता. सॅम्पल हिवाळ्यातले. ऊन चढलं तरी सूर जागचा हलेना. नाचणाऱ्यांचे पाय अडखळायला लागले. एक नऊवारीतली म्हातारी नाचता नाचता थांबली, कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत म्हणाली, “हाई ते नही शे.” साडूचा चेहरा असा उतरला, जसा त्याच्या पेटीचा सूर.

त्याच उन्हाळ्यात पुढे कूलरचं तोंड फिरलं. मी गेलो तर गार वारा थेट माझ्या अंगावर. मी समोरच्याच्या पापणीवरून त्याची शेवटची किंमत ओळखणारा माणूस, आणि मला काय वाटलं? आता या घरात आपल्याला मान मिळायला लागला. पेटीसमोर अक्काचं जुनं लुगडं पडद्यासारखं बांधलेलं. साडू म्हणाला, “तीन आवाज वाजाडसू. एक सॅम्पल, एक मॉडेल, एक असल. असल वळख आनि पेटी लई जाय.” म्हणजे असल ओळखलं की पेटी माझी.

“भाव?”

“फुकट.”

फुकट म्हटल्यावर मी परतीची बसही चुकवली असती. रस्त्यावरून जाताना दुसऱ्याच्या मंडपातला कोणता स्पीकर फाटलाय ते मी सांगतो, माझ्यापुढे ही परीक्षा ती काय! सॅम्पल मी लगेच बाजूला काढायचो. पट्टी लांबवली की एकच श्वास पुन्हा पुन्हा ऐकू यायचा. राहिले दोन. मी एक सांगायचो, साडू म्हणायचा, “नही.” दुसऱ्या वेळी उलटं सांगायचो, तरी “नही.” आणि मग विचारायचा, “कशावरून वाटलं?” मी तावातावाने सांगायचो. हा फार सरळ आहे, नुकती दाढी करून आल्यासारखा. आपली पेटी वर चढताना लंगडते. तापल्यावर खालच्या पट्ट्या आधी बसतात, वरच्या मागून. तो लॅपटॉपवर काहीतरी बडवत राहायचा. मला वाटायचं, माझी फजिती लिहून ठेवतोय. चिडून मी पुढच्या रविवारी परत जायचो. कितीतरी रविवार असे गेले. अक्का म्हणायच्या, “तुमची बायको विचारते, धुळ्याला दुसरं घर केलंत का?”

आणि यंदाच्या मे महिन्यात ते झालं. पडद्यामागून तिसरा आवाज निघाला. चाक करकरलं, मोर रडला, सूर चढताना लंगडला, आणि हळूहळू, खालच्या पट्ट्यांपासून, बसत गेला. माझी पाठ खुर्चीला टेकलेली होती, ती आपोआप ताठ झाली. मी म्हटलं, “हीच.” मग साडू बाहेर आला. चष्मा हातात होता, आणि तो पुसत नव्हता. म्हणाला, “वळखं रे भाऊ तू. लई जाय.”

अक्काच्या गोधडीत गुंडाळून पेटी जळगावला आणली. दुकानात टेबलावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गडी माणसं गोळा केली, म्हटलं, आता ऐका आवाज कशाला म्हणतात. बटण दाबलं. लाल दिवा लागला. सगळ्या पट्ट्या दाबल्या, सगळ्या खुंट्या फिरवल्या. नारळाचं पाणी टेबलावरून खाली टपकत होतं, तेवढाच काय तो आवाज.

मी फोन लावला. “साडूभाऊ, पेटी बोलत नाही!”

“कशी बोलीन? रावेरनं लगीन व्हयनं, त्याच उन्हायामा मरी गई ती.”

“मग मी ओळखली ती काय होती?”

“मॉडेल.” मग तो शुद्ध मराठीत आला. बँकेतही तो कर्ज नामंजूर झाल्याचं शुद्ध मराठीतच सांगायचा. “त्यात असल नव्हतंच. एक सॅम्पल, एक जुनं मॉडेल आणि एक त्या आठवड्यात सुधारलेलं. ती पेटी पोटातून ओळखणारे कान दोनच. माझे मला फसवायला लागले होते, फार आवडीने ऐकायचे. तुला तिचा लोभ होता. लोभी माणसाचा कान खोटं बोलत नाही.”

“मला सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर माझ्यावर दया करून ‘हीच’ म्हणाला असतास.”

मी, आणि दया! असा आरोप माझ्यावर आजवर कोणी केलेला नाही. मी फोनवर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या मॉडेलच्या गणितासाठी मी कितीतरी रविवार माझा कान फुकट राबवला, तोही स्वतःच्या तिकिटाने! शेवटी साडू म्हणाला, “सॅम्पलसुद्धा पाठवतो. त्यातली ती काळी पट्टी मी बदलली नाही.”

त्याने दोन्ही पाठवली. परवा एका वरातीत मॉडेल वाजवलं. ऊन होतं, सूर शहाण्यासारखा उतरत गेला, आणि कोपऱ्यातली एक म्हातारी पदर खोचत शेजारणीला म्हणाली, “हाई तेच शे.” मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन सॅम्पल लावले आणि ती काळी पट्टी दाबून धरली. पेटी रडली, तिच्यामागे मी ओरडलो, आणि माझ्यामागे, अगदी बारीक, साडू खुदकन हसला. मॉडेलमध्ये पेटी अगदी आहे तशी आहे. आम्ही दोघं तिच्यात कुठेच नाही.

तेव्हा मेलेली पेटी पुन्हा गोधडीत गुंडाळून मी टेम्पोत चढवली आहे. डिझेल जळालं तर जळू दे. येत्या रविवारी ती धुळ्याला, त्याच्या दारात उतरवणार. मला पेटी नको. कानाची मजुरीही सोडली. पण ज्या एका गोष्टीसाठी मी इतके रविवार त्या एसटीत धक्के खाल्ले, ती या माणसाने मला न विचारता संपवून टाकली, वर फुकट देऊन संपवली, घासाघीस करायलाही जागा ठेवली नाही. याचा जाब मला पाहिजे. साडूभाऊ, दार उघडा, कूलर कोणाकडेही फिरवा, पण समोर बसून सांगा. त्याच्या पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे काय मागायला यायचं?