फॉरमॅट करायची का?

मंडळी, आज घडलेलं सांगतो.

माझ्या वारलेल्या वडिलांच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगची अवाढव्य फाईल भाच्यानं पुण्यात मॅकवर बनवली आणि जागा अडते म्हणून बाहेरून जोडायच्या डिस्कवर टाकून मॅकवरून पुसली. मूळ कॅसेटवर भोरच्या व्हिडिओवाल्या शब्बीरभाईंनी, जुन्या कॅसेट पुन्हा वापरायच्या धंद्याच्या रिवाजानं, कापूरहोळच्या लग्नाचं शूटिंग चढवलंय.

आज ती डिस्क त्यांच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यानं विचारलं, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

शब्बीरभाई म्हणाले, "लई अदबीनं इचारतंय, दादा. व्हय म्हनतो."

"अहो, सगळं पुसलं जाईल!" मी वायरच उपटली.

फोनवर भाचा म्हणाला, "मामा, विंडोजला मॅकची डिस्क कळत नाही, एवढंच. पण वायर अशी उपटतात का? त्यानं फाईल बिघडू शकते."

उद्या पुण्याला जाऊन मॅकला लावेपर्यंत वडील दुसऱ्यांदा गेलेत का, ते कळणार नाही. तुम्ही कुणाचा आवाज असा एकाच ठिकाणी ठेवलाय?