आबांच्या छातीवरचं बटन

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाची झडप पुण्यात बदलली. छाती न उघडता, मांडीतल्या शिरेतून नवी झडप वर नेली. त्यामुळे आमच्या वडगाव रासाईत हे ऑपरेशन कुणी मनावरच घेतलं नाही. छातीवर टाका न्हाई, मग केलं काय, असा लोकांचा सवाल. त्यांची खात्री पटली ती छातीवरच्या यंत्रामुळं.

काडेपेटीएवढं यंत्र डॉक्टरांनी चिकटवून दिलं होतं. नवी झडप बसल्यावर कधी कधी ठोके मध्येच थांबतात. तसं झालं तर पेसमेकर बसवावा लागतो, नाहीतर माणूस चालता चालता जायचा. म्हणून चौदा दिवस आबांचा प्रत्येक ठोका मोबाईलवरून दवाखान्यात पोचणार होता. यंत्राच्या मधोमध एक बटन. चक्कर आली, डोळ्यापुढं अंधारी आली, की ते दाबायचं, म्हणजे दवाखान्यात लगेच बघतात.

आता आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैरच. बिस्किटपुडा ठेवायचा, चहा घ्यायचा आणि याच दुखण्यानं आपल्या पाहुण्यांतलं कोण कोण गेलं ते सविस्तर सांगायचं, ही रीत. शेजारच्या मामांनी पहिल्याच दिवशी त्यात भर घातली. "चालू हाय का बघतो," म्हणत त्यांनी बटन दाबलं. विहिरीवर नवी मोटर बसली तरी सगळी भावकी स्टार्टर दाबून जाते, तिथं हे कोण सोडतंय? मग जो येईल तो दाबायला लागला. आबाही शर्ट उघडा टाकून ऐटीत बसायचे.

तिसऱ्या दिवशी मी कंपनीत असताना दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "सकाळपासून अकरा वेळा बटन दाबलंय. पेशंटला एवढा त्रास होतोय का?"

मी घरी आलो तो तणतणतच. मामा चहा पीत बसलेच होते. "ही काय जत्रा हाय का? परत कुणी बटनाला हात लावला तर याद राखा," मी ओरडलो. "आन् आबा, तुम्ही सुदिक! लहान हाय का तुम्ही?" मामा अर्धा कप तसाच ठेवून उठले. आबांनी गुमान शर्ट लावून घेतला. मला बरं वाटलं. घरात एक तरी शहाणा माणूस लागतो, आणि तो मीच होतो.

पुढं आठवडाभर बटन गप्प. कंपनीत मी चारचौघांना सांगायचो, धाक असला की सगळं सुरळीत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी, मी शिफ्टला निघालो असताना, पुन्हा सिस्टरचा फोन. "रेकॉर्डिंग आत्ता तपासलं. काल आणि आजही पहाटे हृदय पाच-पाच सेकंद थांबलं होतं. बटन मात्र दाबलेलं नाही. त्यांना काही जाणवलं नाही का? लगेच घेऊन या."

आबा मेंढरांच्या वाड्यापाशी बाजेवर बसले होते. कोपर खरचटलेलं, त्यावर हळद दाबलेली.

"आबा, पहाटं काय झालं?"

"काय न्हाई. अंधारी आली, पडलो."

"आन् काल?"

"कालबी."

"मग बटन का न्हाई दाबलं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तू घरात व्हतास," ते म्हणाले.