खोडलेलं 'हॅज'

इंग्रजी शिकवताना माझा आवाज एका ठिकाणी हमखास चढतो. एव्हरीवन, नोबडी, ईच, नायदर. ही सगळी मंडळी एकवचनी क्रियापद घेतात, सांगायचं असतं ते एवढंच. पण वडवणी-दिंद्रुड पट्ट्यातल्या पोरांना ते काही केल्या पटत नाही. अठरा वर्षं मी फळ्यावर 'एव्हरीवन इज' लिहितोय आणि अठरा वर्षं पोरं वहीत 'एव्हरीवन आर' लिहितायत. पूर्वी मी खडू फेकून मारायचो. आता मारत नाही, त्याचं कारण पुढं येईल.

दहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी. ती एकदा उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एव्हरीवन म्हंजी समदे. समदे म्हंजी लई जण. मग इज कावून?"

"नियम आहे म्हणून," मी खेकसलो. "बस खाली."

ती बसली. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आत पुन्हा उभी. "सर, घरी इचार केला. आपुन 'प्रत्येकजण आला' म्हनतो. 'प्रत्येकजण आले' न्हाई म्हनत. हे तसंच हाय ना?"

इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला. मी "हं, तसंच" म्हणून विषय संपवला. त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी हे 'प्रत्येकजण'चं उदाहरण देतो आणि ते माझंच असल्यासारखं देतो.

त्या धड्यात एक खड्डा आहे, तोही मी तिच्या वर्गाला चांगला दाखवला होता. 'ईच ऑफ द स्टुडंट्स' म्हटलं की पोरं जवळचा 'स्टुडंट्स' बघतात आणि बिनदिक्कत 'हॅव' लिहितात. मी ओरडून सांगायचो, जवळच्याकडं बघू नका, कर्ता मागं आहे, तो ईच आहे, म्हणून हॅज. ती मुलगी एकदाही त्या खड्ड्यात पडली नाही.

तिला बीडला तंत्रनिकेतनला जायचं होतं. मी एकदा दळण घेऊन गेलो तेव्हा गिरणीच्या आवाजावर आवाज काढून तिचे वडील म्हणाले, "सर, ह्या साली नंबर लागला तर धाडतो बीडला. न्हाई लागला तर पावने इचारायलेत." कानावर पीठ, भुवयांवर पीठ, माणूस साधा. बोलला ते तोलून बोलला होता. ती तिथंच पोत्यावर बसून वाचत होती. तिनं मान वर केली नाही.

आता परीक्षेचं. दहावीच्या परीक्षेत बाहेरून उत्तरं पुरवणं, ह्याला आमच्याकडं 'मदत' म्हणतात. मदत म्हटलं की त्यात कुणाला पाप दिसत नाही. संस्थाचालकांना शंभर टक्के निकाल हवा असतो, मुख्याध्यापकांना संस्थाचालक हवे असतात आणि मला नोकरी. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकानं केंद्रावर थांबायचं नाही, असा दंडक असतो. म्हणून इंग्रजीच्या दिवशी मी शाळेमागं, मुख्याध्यापकांच्या घरी, त्यांच्या देवघरासमोर सतरंजीवर बसलो होतो. पेपर सुरू झाल्यावर थोड्या वेळानं मोबाइलवर त्याचे फोटो आले. मी रेघांच्या कागदावर उत्तरं लिहीत गेलो. लिपिक दारात उभा राहून "सर, आवरा, पथक येऊ शकतं" म्हणत होता. एकेक कागद लिहून झाला की तो घेऊन झेरॉक्सला पळायचा.

आदल्या आठवड्यात ती मुलगी मला शाळेच्या पायऱ्यांवर भेटली होती. "सर, मला चिठ्ठी नको. माझं मी लिवते." मी "शाबास" म्हणालो. बोलायला काय जातं!

त्या पेपरात 'ईच ऑफ द स्टुडंट्स'च्या पुढं रिकामी जागा होती आणि कंसात दोन पर्याय, हॅज आणि हॅव. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं लोक म्हणतात. त्या मोत्यासारख्या अक्षरात मी लिहिलं, हॅव. घाई होती, लिपिक दारात होता, ही कारणं मी स्वतःला फार वेळा दिली आहेत. इतकी वर्षं ज्या खड्ड्यावरून पोरांना शिव्या घातल्या, त्यात मी स्वतः पाय घातला, बस्स.

निकालाच्या दिवशी आमच्या केंद्रातल्या एका हॉलचा निकाल राखून ठेवल्याचं कळलं. तपासणाऱ्याच्या लक्षात आलं होतं. त्या हॉलमधल्या पोरांनी पत्रलेखनात एकाच गल्लीतल्या एकाच फुटक्या नळाची एकाच शब्दांत तक्रार केली होती. तो नळ माझा. आणि सगळ्यांचं 'हॅव' होतं.

बोर्डाच्या सुनावणीला पोरं, पालक, मुख्याध्यापक आणि मी असे दोन जीपगाड्या करून गेलो. एकेकाला आत बोलावत होते. तिच्या वेळेला तिचे वडील बाहेरच थांबले, आत मुख्याध्यापक आणि मी दाराशी उभे होतो. चौकशीला बसलेल्या बाई वयस्कर होत्या आणि वाईट नव्हत्या. त्यांनी तिची उत्तरपत्रिका उघडली, पानं उलटली.

"पत्र तुझं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "लाइट जाते आणि गिरणी बंद पडते. हे तूच लिहिलंस?"

"हो."

"बाकीची उत्तरंही वेगळी आहेत. मग हे काय?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं आधी 'हॅज' लिहिलेलं होतं. त्यावर रेघ मारून वर 'हॅव' केलं होतं. "बरोबर होतं ते खोडून चूक केलंस, आणि तीच चूक सगळ्यांची आहे. कुणी सांगितलं का तुला? सांग बाळ. कुणी आणि कसं ते कळलं, तर तुझा पेपर वेगळा काढता येईल."

तिनं माझ्याकडं पाहिलं. अगदी थोडा वेळ. मग ती बाईंना म्हणाली, "न्हाई, कुनी न्हाई. मला वाटलं माझंच चुकलं."

मी तोंड उघडायला हवं होतं. हिनं कॉपी केली नाही, ते उत्तर मी लिहून पाठवलं होतं, एवढं बोललो असतो तर पुरे होतं. निलंबन दिसलं, बीडच्या घराचं अर्धं बांधकाम दिसलं, वर्तमानपत्रात माझं नाव दिसलं. मला वाटलं, मुख्याध्यापक बोलतील. मुख्याध्यापक वर पंख्याकडं बघत होते. बाईंनी उसासा टाकला आणि काहीतरी लिहिलं.

परत येताना जीपमध्ये ती माझ्या समोरच्या सीटवर होती. मी न विचारताच हळूच म्हणाली, "सर, पेपर संपत आल्ता. म्होरच्या पोरीनं मागं वळून सांगितलं, सरांनी हॅव लिवलंय. मग मी खोडलं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सरांनी लिहिलंय म्हटल्यावर आणखी काय करायचं असतं, अशा सुरात ती बोलली. शेजारी तिचे वडील झोपले होते.

त्या परीक्षेचा त्या हॉलचा निकाल रद्द झाला. तंत्रनिकेतनचे प्रवेश पुरवणी परीक्षेची वाट बघत नाहीत. पुरवणीला ती बसली, पास झाली, इंग्रजीत तिला जवळपास पैकीच्या पैकी गुण पडले आणि दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. लग्नपत्रिकेवर वय छापायची पद्धत नसते. ते विचारायला गावातून कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. मी आहेराचं पाकीट दिलं आणि पंगतीत बसून जेवलो. बुंदी चांगली होती, हेही माझ्या लक्षात आहे, ह्याची मला किळस येते.

तीन वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात वडवणीच्या बाजाराच्या दिवशी बायकोबरोबर साडीला फॉल-पिको करायला एका छोट्या दुकानात शिरलो, तर शिवणयंत्रावर ती. गळ्यात मंगळसूत्र आणि त्यावर मापाची टेप. मला बघून उठून उभी राहिली, माझ्या आणि बायकोच्या पाया पडली. सासरच्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढून दिलं होतं. तिनं साडी घेतली, रंगाचा दोरा जुळवून बघितला. मग म्हणाली, "सर, एक इचारू का?"

"विचार की."

"त्या पेपरात ईच ऑफ द स्टुडंट्सला तुमी हॅव लिवलं हुतं. मी मागनं लई पुस्तकं पायली. कुटंच मिळालं न्हाई. कोनता नियम हुता त्यो?"

टोमणा आहे का म्हणून मी तिचा चेहरा नीट निरखला. टोमणा नव्हता. तीन वर्षं ती पोरगी नियम शोधत होती. सर चुकले असतील, हे तिच्या मनाला शिवलंच नव्हतं. माझी बायको शेजारी उभी होती, तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

तुझं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं.

"ते अपवादात येतं," मी म्हणालो. आवाज अगदी वर्गातला लागला. "ऑफच्या पुढं वस्तू असल्या तर हॅज. माणसं असली तर हॅव."

असला नियम जगाच्या पाठीवर कुठंही नाही. तिनं मापाची वही ओढली आणि कुणाच्या तरी छाती-बाहीच्या मापाखाली तो नीट लिहून घेतला. मग हसली. "बरं झालं भेटलात. तीन वर्सं डोक्यात अडकून हुतं. गल्लीतली पोरं येत्यात माझ्याकडं इंग्लिश शिकायला, सात-आठ हायेत. आज त्यान्ला हेच सांगते."

साडी मंगळवारी तयार होईल, असंही ती म्हणाली. मंगळवारी मी बायकोला एकटीलाच पाठवलं.