पट्टीवरचा बाण

मोरोक्कोतल्या आमच्या मेक्नेस गावच्या हम्मामात, म्हणजे गल्लीच्या न्हाणीघरात, बाई स्वच्छ झाली की नाही हे पाण्यावरून ठरत नाही. अंगावरून मळाच्या किती वळ्या निघाल्या, त्यावरून ठरतं. मी दारातल्या बाकावर कपडे सांभाळते, आत तमू अंग घासते. म्हणजे घासायची.

गल्लीतल्या म्हाताऱ्या लल्ला झोहरला मात्र ती नुसत्या हाताने धुवायची. दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन लल्लाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. तमूची सासूही तशीच होती. एकदा तमूने तिच्या हातावरची चिकटपट्टी ओढली, तर कातडीच सोबत आली. तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं ते ती विसरली नाही. आधी आपली अंगठी काढून माझ्याकडे द्यायची. कोमट पाण्याने धुऊन पंच्याने टिपायची, ओलसर अंगावर तेल लावायची, आणि जुन्या सुती मोज्यांचे पंजे कापून केलेल्या बाह्या लल्लाच्या हातांवर चढवायची.

"मी काय मढं आहे, असं हळूहळू धुवायला?" लल्ला कुरकुरायची.

"मढ्याला घासलं असतं, लल्ला. ते ओरडत नाही."

दोघी हसायच्या. तमूला आईबाप नव्हते. तिचं लग्न लल्लानेच जमवलं होतं, त्यामुळे तिला माहेर म्हणजे लल्लाचंच घर.

नातीच्या लग्नाआधी लल्ला आली ती पंच्यात अंग घासायचा खरखरीत हातमोजा लपवून. लग्नात मळकट दिसायचं नव्हतं बाईसाहेबांना. तमू गरम पाणी आणायला वळली, तेवढ्यात लल्लाने स्वतःच आपला हात घासला. तमूची हाक ऐकून मी आत धावले. मनगटाच्या वर कातडी सुटून एका बाजूला गोळा झाली होती, आणि मोजा अजून लल्लाच्याच दुसऱ्या हातात होता.

तमूने स्वच्छ कापड हलकेच दाबून रक्त थांबवलं, साध्या पाण्याने जखम धुतली.

"लोंबतंय ते कापून टाक," मी म्हटलं.

"कापायचं नाही. जखमेचं झाकण आहे ते."

ओल्या कापडाने तिने ती कातडी हळूहळू सरकवत जागेवर बसवली. वर व्हॅसलिन लावलेलं जाळीदार कापड ठेवलं आणि सैलसर पट्टी गुंडाळली. चिकटपट्टी कातडीला लागूच दिली नाही.

लल्लाची मुलगी बतूल न्यायला आली. आईचं हम्मामला येणं तिला आधीच पसंत नव्हतं.

"उम्मी, कोणी केलं हे?"

लल्लाने एकदा तमूकडे पाहिलं. "तमूचा हात जरा जड पडला गं."

"खोटं आहे," मी म्हटलं. "मोजा हिच्याच हातात होता."

"माझी आई खोटं बोलेल? लग्नघरची बाई?"

"लल्ला, तुम्हीच सांगा तिला," तमू म्हणाली.

लल्ला पट्टीचं टोक चाचपत बसली.

मालकिणीने तमूला लादी पुसायला लावलं. म्हाताऱ्यांची कातडी सोलते, असं गल्लीभर झालं. लल्लाच्या एका वाक्याने हे सगळं पुसलं गेलं असतं आणि तमूला तिची जागा परत मिळाली असती. त्या बाईचा मला अजून संताप येतो.

लग्न उरकलं आणि बतूल परत हम्मामच्या दारात. पट्टी बदलायची होती, आणि लल्ला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती. "जाऊ नकोस," मी तमूला म्हटलं.

"जखमेने माझं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली. मग मीही सोबत गेले.

तमूने अंगठी काढून माझ्याकडे दिली. पट्टी पाण्याने भिजवली आणि कातडी जिथे जोडलेली होती त्या बाजूने सावकाश सोडवली. खाली गुलाबी दिसत होतं, पू नव्हता. बतूल नवी पट्टी आणायला उठली, तशी लल्लाने तमूचं मनगट धरलं.

"माफ कर गं. ती माझं हम्माम बंद करेल, या भीतीने बोलले. आज सांगते तिला."

बतूल आत आली. "काय सांगायचंय, उम्मी?"

"काही नाही. तहान लागली म्हणत होते."

मी तोंड उघडलं, तर तमूने माझ्या पायावर पाय दिला. तिने पाणी आणून लल्लाच्या ओठांना लावलं. तहान नसलेल्या त्या बाईने सगळा पेला संपवला.

तमूने नवी पट्टी बांधली आणि पेनाने तिच्यावर बाण काढला. "या दिशेनेच काढायची," ती बतूलला म्हणाली. "उलटी ओढलीस तर कातडी पुन्हा निघेल. लाली पसरली, पू आला, तर सरळ डॉक्टरकडे ने. आणि नखं कापून, अंगठ्या काढून हात लाव."

"पण पुढच्या वेळी तू येशीलच ना, खाल्ती?" बतूलने तिला मावशी म्हणून विचारलं.

"बाण काढलाय," तमू म्हणाली, आणि माझ्याकडून अंगठी घेऊन बोटात घातली.